75 डॉलरची नाचक्की

आधी आकडा सांगते, कारण पुण्यात तो कुणी कुणाला सांगितलेला नाही. कार्ड 75 डॉलरचं होतं. इथे बॉस्टनकडे शिकायला आलेल्या मुलांना लोक 25 डॉलरचं कॉफीचं कार्ड देतात आणि मुलं ते कौतुकाने स्टेटसला टाकतात. मी भाचीला, म्हणजे नणंदेच्या मुलीला, दिलं ते थ्रिफ्ट स्टोअरचं. लोकांनी दान केलेले कपडे, भांडी, पुस्तकं, दिवे, असं सगळं विकणाऱ्या दुकानाचं. दिवाळी होती, थंडी तोंडावर आली होती आणि भाचीने पुण्याहून जो कोट आणला होता तो फार तर महाबळेश्वरला चालला असता.

त्या दुकानात पिसं भरलेलं, नावाजलेल्या कंपनीचं जॅकेट 25-30 डॉलरला मिळून जातं. नवीन घ्यायचं तर 200च्या खाली बात नाही. म्हणजे 75 डॉलरमध्ये जॅकेट, स्वेटर, बूट आणि वर दोन पातेली. माझा स्वतःचा लांब लोकरी कोट तिथलाच आहे. नणंद इथे आली होती तेव्हा तो घालून तिने हार्बरवर फोटो काढले आणि "केवढ्याला गं?" असं तीनतीनदा विचारलं. मी नुसतं हसले होते. त्या वेळी तो 'अमेरिकेतला कोट' होता.

भाचीने पाकीट उघडलं, कार्ड उलटसुलट करून पाहिलं, "थँक्यू मामी" म्हणाली आणि चकली खायला लागली. मला काहीच वावगं वाटलं नाही. त्यानंतर आठवडाभरात घरच्या ग्रुपवर नणंदेकडून मला येणारं उत्तर बंद झालं. भाऊबीजेचा फोन आला तो थेट नवऱ्याच्या मोबाइलवर. "वहिनीला दे" वगैरे काही नाही.

खरा उलगडा झाला तो सासूबाईंच्या फोनमुळे. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले असणार, आणि त्या नऊला झोपणाऱ्या. आवाज इतका बारीक की मी आधी फोनलाच दोष दिला. "तिकडे सगळं ठीक आहे ना गं?" मी म्हटलं, हो. "याची नोकरी?" आहे की. "लपवू नका. माझी एक एफडी आहे. ती मोडता येते, मी बँकेत विचारून आलेय." मी स्वयंपाकघरात उभी, हातात झारा, आणि मला कळेचना की आमच्या घरात असं काय घडलंय जे फक्त आम्हालाच माहीत नाही. मग हळूहळू एकेक धागा सुटत गेला. भाचीने कार्डाचा आणि पावतीचा फोटो आईला पाठवला. आईने त्या दुकानाचं नाव शोधून काढलं. तिथे दान, गरजू, पुनर्वसन असे शब्द दिसले. झालं. भावाची नोकरी गेली, घराचे हप्ते थकले, म्हणून बायको दिवाळीला धर्मादाय दुकानाचं कार्ड वाटत फिरते, ही बातमी सदाशिव पेठेपासून डोंबिवलीच्या मावशींपर्यंत पोचली होती. ऐंशी वर्षांची बाई रिक्षा करून बँकेत जाऊन आली, त्याचं मात्र कुणाला काही वाटलं नाही.

त्याच वेळी दुसरी बातमीही जोरात होती: आम्ही अमेरिकेत राहून शेफारलोय आणि पुण्याच्या माणसांना भिकारी समजतो. आम्ही कंगालही आणि माजलेलेही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

मी नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, "आम्ही कर्ज काढून पाठवलंय तिला. पण लोकांच्या अंगावरचे कपडे घालायची वेळ नाही आली अजून." मी जॅकेटचा भाव सांगायला लागले तर मध्येच, "मेलेल्या माणसांचे असतात म्हणे." मी म्हटलं, "ताई, काही असतात." एवढं बोलायला नको होतं असं नवऱ्याचं मत आहे. माझं नाही. तिने विचारलं, मी खरं सांगितलं.

आता मला सांगा, आपल्यात जुन्याचा एवढा विटाळ होता कधी? बाळाची बाळोती कशाची असायची? आजोबांच्या विरलेल्या धोतरांची. पहिलं झबलं मुद्दाम जुन्या, मऊ कापडाचं, नव्याने कातडी सोलवटते म्हणून. आजीच्या लुगड्यांची गोधडी अजून नणंदेच्या कपाटात आहे आणि ती कुणाला हात लावू देत नाही. आमची सगळ्यांची कॉलेजची पुस्तकं अप्पा बळवंत चौकातली, आधीच्या मुलाच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. नणंदेच्या यजमानांनी पहिली गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा पेढे वाटले होते, मीही खाल्ले. बोहारणीला चार साड्या आणि दोन पँटी देऊन स्टीलचं पातेलं घ्यायचो. ते कपडे पुढे कुणाच्या अंगावर जातात हे आमच्यापैकी एकीनेही कधी विचारलं नाही. दर बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो, तिथे काय नवी कोरी माणसं जातात?

सगळ्यात कहर पुढे आहे. बॉस्टनमध्ये बहुतेक भाडेकरार 1 सप्टेंबरला बदलतात. एकाच दिवशी अर्धं विद्यार्थीविश्व घर सोडतं आणि अर्धं नव्या घरात शिरतं. ऑलस्टनसारख्या भागात त्या सुमारास फुटपाथवर सोफे, टेबलं, दिवे, मायक्रोवेव्ह पडलेले असतात. ज्याला हवं त्याने उचलावं. त्याला इथे 'ऑलस्टन ख्रिसमस' म्हणतात. भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी तिथूनच एक सोफा उचलला आणि घामाघूम होत तिसऱ्या मजल्यावर चढवला. त्याचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा नणंदेने लिहिलं होतं, "हुशार गं माझी बाय!" तो फोटो मी अजून जपून ठेवलाय. रस्त्यावरचा सोफा, कुणी टाकला माहीत नाही, का टाकला माहीत नाही. ढेकणांची सगळ्यात मोठी भीती असते ती अशाच गाद्यागिरद्यांत. पण ती हुशारी. आणि धुऊन वापरता येईल असं जॅकेट, दुकानातून, पावतीसह, स्वतःच्या आवडीने निवडायचं, तो अपमान.

यावर मी बराच विचार केलाय (झोप लागत नव्हती, दुसरं काय करणार). माझ्या मते गोम जुनेपणात नाहीच. जुनं आपण शोधून आणलं की ते चातुर्य असतं, मग आपण भाव सांगतो, मिरवतो. तेच दुसऱ्याने हातात ठेवलं की देणारा वर आणि घेणारा खाली. रोख पैसे दिले असते तर भाचीने त्याच दुकानात जाऊन तेच जॅकेट घेतलं असतं आणि आईला सांगितलंही नसतं. कार्डावर मात्र दुकानाचं नाव छापलेलं असतं. 'तुला इथलं शोभेल' असा त्याचा अर्थ लावायचाच असं कुणी ठरवलं, तर पैसे कितीही असोत, उपयोग नाही.

म्हणून, कुणाला असं कार्ड द्यायचं असेल तर माझ्याकडून ऐका. ज्या माणसाला वस्तूचा भाव स्वतःहून सांगायला आवडतो, "हे बघ, चार डॉलरला मिळालं", त्यालाच द्या. तो आधीपासून जाणारा असतो. 'हल्लीच्या मुलांना हे चालतं' यावर विसंबू नका. मुलांना चालतं, पण त्यांच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला आई असते. दिवाळी, बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा अशा दिवशी तर नकोच. त्या दिवशी 51 डॉलरचं पाकीट द्यावं, 75चं कार्ड देऊ नये. माणसाला 24 डॉलर कमी चालतात, म्हणे. पहिल्यांदा जाणाऱ्याला बरोबर घेऊन जा, ते सगळ्यात उत्तम. कपड्यांच्या शिवणी कशा बघायच्या, चेन चालवून कशी पाहायची, या आठवड्यात कुठल्या रंगाच्या चिठ्ठीवर सवलत आहे, हे कार्ड शिकवत नाही. केंब्रिजला 'गारमेंट डिस्ट्रिक्ट'मध्ये कपडे पौंडावर तोलून मिळतात. तिथे तरुण पोरं हसतखेळत ढिगात हात घालतात. नवख्याला आधी तिथे न्या, लाज तिथेच गळते.

व्यवहाराचंही सांगते. थ्रिफ्ट दुकानांत गुडविल हे नाव देशभर दिसतं, पण ती एक कंपनी नव्हे. अमेरिका-कॅनडात मिळून सुमारे 150 स्वतंत्र स्थानिक संस्था त्या नावाने चालतात. एका भागातलं कार्ड दुसऱ्या भागात चालेलच असं नाही. मुलगी उन्हाळ्यात इंटर्नशिपला दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर घेतानाच काउंटरवर विचारा. सेव्हर्स हे नफ्यासाठी चालणारं दुकान आहे, ते धर्मादाय संस्थांकडून माल विकत घेतं. 'आपला पैसा गरिबांना जातो' असं सांगून कार्ड देणार असाल तर आधी दुकान कुठलं ते बघा. अमेरिकेच्या कायद्याने दुकानाचं भेटकार्ड निदान पाच वर्षं चालावं लागतं, मॅसॅच्युसेट्समध्ये सात. इथे 90 टक्के रक्कम वापरली की उरलेली रोख मागता येते. बऱ्याच दुकानांत कपडे घालून बघायची खोली नसते आणि परत घेण्याचे नियम कडक असतात, म्हणून मापाची टेप पर्समध्ये ठेवा. ही दुकानं कपडे सहसा धूत नाहीत. घरी आणल्यावर धुवा आणि कापडाला सोसत असेल तर ड्रायर सगळ्यात गरम ठेवून फिरवा. लहान मुलांची कार सीट आणि हेल्मेट मात्र जुनं घेऊ नका, कितीही स्वस्त असो. पाळणाही बघून घ्या. बाजूची कड खाली सरकणाऱ्या पाळण्यांच्या विक्रीवर 2011 पासून इथे बंदी आहे, तरी जुने कुठे ना कुठे निघतात.

नणंदेला 'धर्मादाय' या शब्दाचा एवढा राग आला, म्हणून मी तिला गुडविलची हकीकतही पाठवली होती. 1902 मध्ये याच बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या मेथडिस्ट पाद्र्याने श्रीमंत वस्त्यांतून गोण्या भरून जुन्या वस्तू गोळा केल्या आणि गरिबांना फुकट वाटण्याऐवजी त्या दुरुस्त करायला त्यांनाच मजुरीवर ठेवलं. विकून आलेल्या पैशातून त्यांचा पगार. म्हणजे भीक नको, काम घ्या, हीच कल्पना. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. भाचीने आईच्या पैशाने 320 डॉलरचं नवं जॅकेट घेतलं. छान आहे. टोपीची फर फेब्रुवारीपर्यंत निघाली.

माणूस ओळखून भेट द्यावी, असं सगळेच सांगतात. मीही सांगते, पण वीस वर्षं ओळखत असलेली माणसं ओळखायची कशी, ते कुणी सांगत नाही. त्यापेक्षा एक साधी गोष्ट करा. कार्ड घेतल्याची पावती कार्डावर पैसे भरल्याचा पुरावा असते, ती जपून ठेवा, पण स्वतःच्या ड्रॉवरमध्ये. पाकिटात कार्डाबरोबर घालू नका. आमची पावती फोटो होऊन पुण्याला गेली, दुकानाच्या नावाभोवती लाल गोल काढून, आणि रकमेवर नेमका कुणाचा तरी अंगठा आलेला.