बेंगळुरूचा दिल्ली दरवाजा

बेंगळुरूच्या कृष्णराजेंद्र बाजारासमोरची वर्दळ पहाटेपासून सुरू होते. फुलांचे हारे, भाजीच्या पाट्या, बसगाड्यांची रीघ आणि त्यांतून वाट काढणारी माणसे. या गजबजाटापासून हाकेच्या अंतरावर एक उंच दगडी दरवाजा उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना बुरूज व तटाचा थोडासा भाग शिल्लक आहे. बेंगळुरूच्या किल्ल्यापैकी आज जे पाहावयास मिळते, ते मुख्यतः एवढेच. या प्रवेशद्वाराचे नाव दिल्ली दरवाजा.

हे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याचा मुख्य दरवाजाही दिल्ली दरवाजाच, आणि औरंगाबादेसही त्या नावाची वेस आहे. उत्तराभिमुख दरवाजास दिल्लीचे नाव देण्याची रीत दक्षिणेत अशी सर्वत्र आढळते. बेंगळुरूच्या या दरवाजातून दिल्लीस जाणारे थोडेच असणार. त्याच्या समोर उत्तरेस होती ती पेठ. अक्कीपेटेत तांदूळ, बळेपेटेत बांगड्या, चिकपेटेत कापड असा तिचा व्यापार चाले. राजा किल्ल्यात आणि पैसा पेठेत, अशी ही जुनी विभागणी होती. या दोहोंमधील मोकळ्या जागेचा एक भाग आजच्या बाजाराने व्यापला आहे.

महाराष्ट्रातून येणारा प्रवासी या दरवाजासमोर उभा राहिला की पहिला प्रश्न हमखास विचारतो : शहाजीराजे याच दरवाजातून ये-जा करीत असतील काय? या प्रश्नाचे उत्तर देताना जागा आणि दगड या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. केंपेगौडाने १५३७ साली शहर वसविले, तेव्हा किल्ला मातीचा होता. १६३८ साली विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली तो घेतला. त्या मोहिमेत शहाजीराजे होते, आणि पुढे बेंगळुरूची जहागीर त्यांच्याकडेच आली. जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात त्यांच्या दरबाराचे वर्णन केले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ते संपादून मराठी वाचकांपुढे ठेवले. जागा शहाजीराजांची खरीच, परंतु आज उभे असलेले दगड त्यांच्या काळातील नव्हेत. ते हैदरअलीच्या काळातील, म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षांनंतरचे आहेत. भावनेच्या भरात हा भेद विसरला जातो. तो ध्यानात ठेवल्याने शहाजीराजांच्या मोठेपणास काही उणेपणा येत नाही.

मधल्या काळातील एक व्यवहार बँकेच्या वाचकांना विशेष रुचावा. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरास स्थिरावल्यावर इतक्या दूरची जहागीर सांभाळणे त्यांना जड जाऊ लागले. म्हैसूरचे चिक्कदेवराज वोडेयार यांना ती तीन लाख रुपयांस देण्याचे ठरले. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच १६८७ साली मोगल सरदार कासिमखान याने शहर ताब्यात घेतले आणि त्यानेच पुढे ते तीन लाखांस म्हैसूरकरांच्या हवाली केले, असा वृत्तांत इतिहासग्रंथांत येतो. मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा आणि रक्कम तिसऱ्याची! कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने अशी कागदपत्रे पाहून काय शेरा मारला असता, याची कल्पना करावी.

१७५८ साली बेंगळुरू हैदरअलीस जहागीर म्हणून मिळाले आणि १७६१ च्या सुमारास त्याने मातीच्या जागी दगडी किल्ला उभारण्यास आरंभ केला. दिल्ली दरवाजा हे त्या बांधकामाचे उत्तम उदाहरण होय.

दरवाजा म्हणजे दोन फळ्या आणि एक चौकट, अशी आपली समजूत असते. किल्ल्याच्या दरवाजास ती लागू पडत नाही. किल्ल्याचा तट कितीही जाड बांधला तरी माणसांना आत-बाहेर करण्यासाठी त्यात भोक पाडावेच लागते, आणि ते भोक हीच त्याची सर्वांत दुबळी जागा ठरते. म्हणून गडरचनाकाराची सारी बुद्धी तेथे खर्ची पडलेली दिसते. शिवकालीन गडांवर गोमुखी रचना आढळते. तीत दोन बुरुजांच्या कवेत दरवाजा लपविलेला असतो आणि तेथवर जाणारी वाट वळण घेते. शत्रूस दरवाजा दुरून दिसत नाही, तोफेचा गोळा सरळ मारता येत नाही आणि हत्तीला धडकेसाठी धाव मिळत नाही. बेंगळुरूची भूमी सपाट असल्याने येथे डोंगराचे साहाय्य नव्हते. तेथे खंदक, पुढे आलेले बुरूज आणि एकापाठोपाठ एक प्रवेशद्वारे यांवर भिस्त ठेवावी लागली. पहिले दार फोडून आत आलेला शत्रू मोकळ्या जागेत न पोचता भिंतींनी वेढलेल्या चौकात अडके, आणि वरून त्याच्यावर मारा होई.

पाहणाऱ्याने म्हणूनच घाई करू नये. आधी लोखंडी खिळे ठोकलेली भक्कम लाकडी दारे पाहावीत. मग आत जाऊन मागे वळावे आणि तटावरील पहारेकऱ्यास काय दिसत असेल, याचा अंदाज घ्यावा. आतील कमानी टोकदार, इस्लामी वळणाच्या आहेत. भिंतींवर फुलापाखरांची नाजूक कोरीव कामे आहेत, आणि तेथेच गणपतीचे छोटे देऊळही आहे. युद्धासाठी बांधलेल्या वास्तूत कारागिराने फुले का कोरली असावीत? ज्या दारातून रोज शेकडो माणसे जातात, ते दार केवळ मजबूत असून भागत नाही, ते राजाच्या इतमामास शोभावेही लागते, एवढेच त्याचे उत्तर असावे.

या दगडांची खरी परीक्षा तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात झाली. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने ७ मार्च १७९१ रोजी प्रथम पेठ घेतली आणि मग किल्ल्यास तोफा लावल्या. तटास भगदाड पडले. २१ मार्चच्या रात्री त्यातून हल्ला झाला आणि किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला. तटाच्या त्या जागेची खूण सांगणारा फलक आजही आहे. या युद्धात मराठे इंग्रजांचे मित्र होते, मात्र हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या त्या किल्ला पडल्यानंतर.

पुढचा भाग अधिक विलक्षण आहे. तहानंतर किल्ला टिपू सुलतानाकडे परत आला, तेव्हा इंग्रजांपुढे तो टिकत नाही, असे पाहून टिपूनेच त्याची मोडतोड करविली. टिपूच्या पाडावानंतर, १८०० साली डॉ. फ्रान्सिस बुखानन येथे आला, त्या वेळी दिवाण पूर्णय्या किल्ल्याची डागडुजी करीत होते. आपल्या धन्याने पाडलेले त्याच्याच जुन्या मंत्र्याने पुन्हा उभे करावे, हा योग दुर्मीळच.

तोफांनी आणि टिपूने जे पुरते नाहीसे केले नव्हते, ते शांततेच्या काळाने केले. खंदक बुजले, तटाच्या जागी रस्ते झाले, आतल्या जागेत रुग्णालये व विद्यालये उभी राहिली. त्यांना दोष देणे कठीण आहे. वाणी विलास रुग्णालयात जन्मलेल्या बालकांच्या मातांना कोणी तटाचे मोल विचारू नये. पण तट पडला तेव्हा त्याचे मोल दगड आणि जमीन यांच्या दराने ठरले असणार, हेही तितकेच खरे. अन्य कोणता दर लावावा, हे तेव्हा फारसे कोणास ठाऊक नव्हते.

युरोपातही तीच कथा. जर्मनीतील ल्युबेक या व्यापारी शहराचा होल्स्टेन दरवाजा पंधराव्या शतकातला, दोन जाड गोल मनोऱ्यांचा. दलदलीच्या जमिनीत तो खचला, कलला, आणि अडगळ म्हणून पाडून टाकावा, अशी मागणी झाली. १८६३ साली नागरी सभेने तो राखण्याचा निर्णय घेतला, तो अवघ्या एका मताच्या बहुमताने. शंभर वर्षांच्या आत तोच दरवाजा पश्चिम जर्मनीच्या पन्नास मार्कांच्या नोटेवर झळकला, आणि २००६ साली दोन युरोंच्या नाण्यावरही आला. एका मताचा एवढा मोबदला क्वचितच मिळाला असेल.

दिल्ली दरवाजास भेट देणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. २०१७ पासून मेट्रोचे कृष्णराजेंद्र बाजार स्थानक जवळच आहे. सकाळची वेळ उत्तम. दरवाजा पाहण्यास अर्धा तास पुरतो. तेथून पायी जाण्याजोग्या अंतरावर टिपूचा लाकडी उन्हाळी महाल आहे, आणि त्याला लागूनच चिक्कदेवराज वोडेयारांच्या काळातील कोटे वेंकटरमण मंदिर. कन्नडमधील ‘कोटे’ म्हणजे आपला कोट. ज्यांनी व्यंकोजीराजांशी तीन लाखांचा सौदा ठरविला, त्यांचे हे देऊळ १६८९ चे, म्हणजे व्यवहार पुरा झाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांचे. शहाजीराजांच्या बेंगळुरूच्या काळाशी यांपैकी त्यातल्या त्यात जवळचे दगड पाहावयाचे असतील, तर दरवाजा पाहून झाल्यावर पावले तिकडे वळवावीत.