तू हिरड्याची गोष्ट वाच

अगं, रात्री तुझा फोन आला तेव्हापासून माझ्याही डोक्यात तेच घोळतंय. पहिलंच पुस्तक, पुण्यातल्या दुकानात वाचन, हातात १५ मिनिटं आणि गोष्टी अकरा. झोप उडणारच. आधी चहा ठेव, मग ऐक.

खरं सांगू का, माझ्या पहिल्या वाचनाला मी पुस्तकातलं सगळ्यात भारदस्त प्रकरण निवडलं होतं. नाणेघाट, नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख, जकातीचा दगडी रांजण, सातवाहन राजांची नावं. त्यावर मी सगळ्यात जास्त राबले होते ना, म्हणून. चौथ्या मिनिटाला समोरचे लोक मांडणीवरच्या पुस्तकांची नावं वाचायला लागले. घाबरून मी पानं उलटली आणि भलताच तुकडा वाचला: आईनं नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे २० किलोचे क्रेट उतरवलेत, भाव पडलाय, आणि ती रिकाम्या क्रेटवर पदर सावरून बसलीय. माना परत माझ्याकडे वळल्या. त्या दिवशी एक कळलं. डोळ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येतं, कानाला नाही येत गं.

म्हणून ती धरणाची मोठी कथा बाजूला ठेव. डिंभ्याच्या पाण्याखाली गेलेलं घर, तीन पिढ्या, डझनभर नातेवाईक. ती लोक घरी नेऊन सावकाश वाचतील. तू हिरड्याची वाच. अंगणात वाळत घातलेला बाळहिरडा, व्यापाऱ्याचा काटा, आणि "आधी काटा मोकळा दाखव" म्हणणारी आई. दोन माणसं, एक भांडण. बघ, शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करायचे. त्यांच्या गोष्टीतली माणसं बोलायला लागली, की ऐकणाऱ्याला वेगळं काही समजवावं लागायचं नाही.

आणि आईची बोली पुस्तकी करू नकोस. पुण्यातले लोक हसतील ही भीती काढून टाक. आपल्या ओतूरचे अनिल अवचट समोर बसून बोलल्यासारखं साधं लिहीत राहिले, आणि पुण्यानं त्यांना किती जीव लावला!

आता कामाचं. दहाच मिनिटं वाच, उरलेली प्रश्नांना ठेव. पुस्तक हातात असू दे, पण वाचायचा भाग मोठ्या अक्षरांत कागदावर काढून घे. श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीची रेघ मार. वर्णनाची वाक्यं बिनधास्त काट, पुस्तकात ती आहेतच. बाळहिरडा म्हणजे बी धरायच्या आत तोडलेलं कोवळं फळ, ते वाळवून औषधासाठी विकतात, एवढं सुरुवातीलाच सांगून टाक. मध्येच थांबून अर्थ सांगत बसू नकोस. शेवट तर मुळीच वाचू नकोस. आईनं काट्याला हात घातला, की कागद मिट. पुढचं ज्याला हवं तो पुस्तक घेईल.

आईचं वाचताना गळा दाटला तर दाटू दे. पाण्याचा घोट घे, पुढे वाच. जी मुलगी अकरा गोष्टी लिहून पुऱ्या करते, तिला दहा मिनिटं जड नाहीत.

रविवारी मंचरला ये. मी गवार मोडत बसते, तू वाच. माझ्या चेहऱ्याकडे बघू नकोस, मी तुझं कौतुकच करणार. हातांकडे बघ. ते जिथे थांबतील ना, तिथून सुरुवात कर.