घरगुती पवनचक्की : आधी शब्द समजून घेऊ



गेल्या महिन्यात गट ऑफिसात आपले एक जुने सभासद आले. त्यांचा मुलगा बोरिवलीला नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी पवनचक्की करायचे त्याने मनावर घेतले आहे. म्हणाले, "साहेब, पोरगं म्हणतंय हजार वॅटची बनवू. आपल्या माळावर उभी करू आणि पाच हॉर्सची मोटर तिच्यावरच चालवू. रात्री लाईटची वाट बघत बसायला नको. दोन तोळे मोडावे म्हणतोय." मी म्हणालो, "अण्णा, तोळे राहू द्या कपाटात. आधी हजार वॅट म्हणजे काय ते बघू."

असे प्रश्न आता बरेच सभासद विचारतात. आपली कितीतरी मुले अंधेरी, घाटकोपर, मुलुंड भागात कारखान्यांत, वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. हातात कसब आहे आणि मोबाईलवर माहितीही मिळते. अडते ते शब्दांवर. म्हणून या अंकात उसाऐवजी वाऱ्याचा पाठ घेतला आहे.

ही कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकाने १८८७ साली कापडी शिडांची चक्की उभारून बॅटऱ्या भरल्या आणि घरात दिवे लावले. आपल्याकडे सरकारी पवनचक्क्यांचे पहिले प्रयोग १९८६ च्या सुमारास झाले, त्यात रत्नागिरीचा किनारा होता. सातारा जिल्ह्यातले वनकुसवडे, चाळकेवाडीचे पठार तर आपण एस.टी.तून पाहिलेले आहे. पण ती यंत्रे कंपन्यांची. आपण बोलतोय ते घरी केलेल्या लहान यंत्राबद्दल.

पाते, हब आणि व्याप्त क्षेत्र

पाती ज्या मधल्या तबकडीला बोल्टने बसवतात तिला हब म्हणतात. पाती आणि हब मिळून झाला रोटर, म्हणजे आपले चाक. फिरताना पात्यांची टोके जे वर्तुळ काढतात, त्याच्या आतली सगळी जागा म्हणजे व्याप्त क्षेत्र. हे चक्कीचे रान समजा. जेवढे रान तेवढे पीक. २.४ मीटर व्यासाच्या, म्हणजे सुमारे ८ फुटी चाकाचे व्याप्त क्षेत्र साडेचार चौरस मीटर भरते. व्यास दुप्पट केला तर क्षेत्र चौपट होते. पात्यांची संख्या वाढवून रान वाढत नाही, हे ध्यानात ठेवा.

वाऱ्याचा वेग

वेग मीटर दर सेकंद या मापात सांगतात. सेकंदाला ५ मीटर म्हणजे ताशी १८ किलोमीटर. आता मुख्य गोष्ट. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती दुप्पट होत नाही, चौपटही नाही, ती आठपट होते. वेग निम्मा झाला तर आठवा हिस्साच उरतो. सगळी गोम इथे आहे.

ज्या वेगाला बॅटरीत करंट जायला सुरुवात होते तो आरंभ वेग. लहान यंत्रात तो साधारण ३ मीटरच्या आसपास असतो. चाक फिरताना दिसले म्हणजे वीज होते असे नाही.

उतारा

उसातली सगळी साखर पोत्यात येत नाही, तसेच वाऱ्याचे आहे. आत घेतलेला वारा पलीकडून बाहेरही पडला पाहिजे, नाहीतर मागचा वारा येणार कुठून? जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झ यांनी हिशेब मांडला की कितीही उत्तम चाक केले तरी ५९.३ टक्क्यांवर शक्ती काढता येत नाही. याला बेट्झ मर्यादा म्हणतात. त्यात पाते, जनित्र, तारा यांची घट धरली, तर घरगुती यंत्राचा उतारा २५ टक्के धरावा. तेवढा मिळाला तरी समाधान माना.

आता ८ फुटी चाकाचा हिशेब :

३ मीटर वेग : वाऱ्यात ७५ वॅट, हाती १८ ते २०
५ मीटर वेग : वाऱ्यात ३४५ वॅट, हाती ८५
१० मीटर वेग : वाऱ्यात २७७० वॅट, हाती सुमारे ७००

जाहिरातीतला किंवा पोराच्या वहीतला "हजार वॅट" हा आकडा कोणत्या वेगाला, हे पहिले विचारा. त्याला नियत क्षमता म्हणतात आणि ती बहुधा ११-१२ मीटरच्या वाऱ्याला सांगितलेली असते. तसा वारा आपल्या माळावर वर्षात किती तास असतो? वळवाच्या वादळाची सरी पाहून कोणी वर्षाचे पाणी धरतो का?

वॅट आणि युनिट

वॅट हा वेग झाला, युनिट ही रास झाली. ८५ वॅट सलग १० तास मिळाले तर ८५० वॅट-तास, म्हणजे एक युनिटही पुरते नाही. तेवढ्यात घरातले दहा एलईडी दिवे, मोबाईल आणि एखादा पंखा सुखाने चालेल. पण पाच हॉर्सची मोटर साडेचार हजार वॅट मागते. ५ मीटरच्या वाऱ्यावर ती चालवायची तर सुमारे १७ मीटर, म्हणजे ५६-५७ फूट व्यासाचे चाक लागेल. अण्णांना हे कागदावर करून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

जनित्र

चाकाच्या फेऱ्यांची वीज करते ते जनित्र. "ट्रॅक्टरचा अल्टरनेटर लावू" असे पुष्कळ जण म्हणतात. तो इंजिनाच्या पट्ट्यावर हजारांनी फेरे घेणारा. आपले ८ फुटी चाक ५ मीटरच्या वाऱ्यात मिनिटाला २४० च्या आसपास फेरे घेते. तेवढ्यात तो जागाही होत नाही, वर स्वतःसाठी बॅटरीतला करंट खातो.

म्हणून हौशी लोक कायम चुंबकाचे जनित्र हाताने करतात. स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉट यांनी ही पद्धत जगभर शिकवली. दोन लोखंडी तबकड्यांवर चुंबक चिकटवतात, ती फिरती बाजू. मधे तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या राळेत ओतून बसवतात, ती स्थिर बाजू म्हणजे स्टेटर. एका गुंडाळीत तारेचे जे वेढे असतात त्यांना टर्न म्हणतात. टर्न जास्त तर व्होल्ट जास्त, पण तार बारीक घ्यावी लागते. आपल्या वाइंडिंगवाल्याला हे वेगळे सांगायला नको. तीन फेजची ही वीज रेक्टिफायरमधून एकदिश करून बॅटरीत सोडतात.

३०० वॅट १२ व्होल्टवर नेले तर तारेतून २५ अँपिअर जातात. ४८ व्होल्टवर सहा-सव्वासहा. त्याच तारेतली घट सोळाव्या हिश्श्यावर येते. माळ घरापासून लांब असेल तर व्होल्ट वाढवा.

शेपूट, ब्रेक आणि आमची चूक

चाकाचे तोंड वाऱ्याकडे ठेवते ते शेपूट. वारा फार झाला की चाक आपोआप तिरके होऊन अंग चोरते, त्याला फर्लिंग म्हणतात. जनित्राच्या तिन्ही फेज एकमेकींना जोडल्या की चाक जड होऊन थांबते, तो ब्रेक स्विच. तो वारा कमी असताना टाकायचा, वादळाची वाट पाहायची नाही. बॅटरी भरल्यावर उरलेली वीज ज्या तापणाऱ्या कॉइलमध्ये जिरवतात तो डंप लोड. चाकाला ओझे सतत हवे, कारण ओझे सुटलेले चाक उधळलेल्या बैलासारखे असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मुलुंडला माझ्या भाच्याने चाळीच्या गच्चीवर असेच ८ फुटी चाक उभारले होते. मी मे महिन्यात गेलो होतो. बॅटरीच्या टोकाला पांढरे साचले होते. मीच म्हणालो, "तार काढ, घासून परत बसव." ब्रेक टाकायचे दोघांच्याही ध्यानात नाही. तेवढ्यात वळवाची वावटळ आली. तार सुटलेली, ओझे नाही. चाकाचा आवाज बदलला आणि एक पाते मुळाशी मोडून शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत घुसले. पाचच मिनिटांपूर्वी तिथे वाळवणाजवळ एक म्हातारी बसली होती. १० मीटरच्या वाऱ्यात चांगल्या चाकाचे टोक ताशी २०० किलोमीटरच्या वर धावते, हा हिशेब मी त्या रात्री घातला. आधी घालायला हवा होता.

मनोरा

त्या गच्चीवर एरवी विजेचेही हाल होते. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. मुलुंड राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराच्या पूर्वेला, आडोशाला. शिवाय भोवती उंच इमारती. असा अडखळत येणारा वारा म्हणजे भोवरा. त्यात चाक नुसते तोंड फिरवत बसते. नियम असा की तीनशे फुटांच्या आतल्या सर्वात उंच झाडा-इमारतीपेक्षा चाकाचे खालचे टोक तीस फूट वर हवे. ऊस बारा फूट वाढतो, बांधावरचा नारळ साठ. मनोऱ्याचा खर्च चाकापेक्षा जास्त येतो तो यामुळे. ताण देणाऱ्या तारा आणि पाया यांत काटकसर करू नका. चक्की पडली तर कुठे पडेल, ती जागा मोकळी सोडा.

अण्णांचे काय झाले? त्यांनी तोळे मोडले नाहीत. मुलाला मात्र मोडता घातला नाही. वर्षभर माळावर वेगमापक लावायचा, रोज वहीत आकडा लिहायचा, आणि वारा पुरेसा निघाला तर वस्तीवरच्या दिव्यांपुरते चाक करायचे, असे ठरले आहे. मोटरीचा विचार सोडून दिला आहे.

ज्यांना असेच काही करायचे असेल त्यांनी गट ऑफिसात हिशेबाची वही घेऊन यावे. चुकीचा हिशेब कागदावर असेपर्यंत स्वस्त असतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी