सैनिकाची सेवा-नोंद आणि पदकाचा हक्क

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील अनेक गावांत निवृत्त सैनिकांची घरे आहेत. बँकेच्या नोकरीमुळे दर महिन्याच्या सुरुवातीस यातील पुष्कळांची माझी गाठ पडते. काही वर्षांपूर्वी तुळजापूर तालुक्यातील एक निवृत्त नाईक काउंटरवर आले. पासबुकाऐवजी त्यांनी पत्र्याची एक लहान पेटी पुढे सरकवली. आत रंग उडालेल्या फितींची तीन पदके आणि घडीवर फाटलेले डिस्चार्ज बुक होते. पदकाच्या कडेवर कोरलेले नाव एक, डिस्चार्ज बुकातले दुसरे आणि आमच्या पासबुकावरचे तिसरे! शिवाय १९७१ च्या युद्धात ते पश्चिम आघाडीवर होते, तरी 'पश्चिमी स्टार'ची नोंद त्यांच्या कागदात कुठेच नव्हती.

"पैसा नको साहेब, कागदावर नाव नीट पायजे," एवढेच ते म्हणाले.

पासबुकावरचे नाव मीच उतरवले होते. आडनाव आणि वडिलांचे नाव यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली होती. ती चूक पाच मिनिटांत सुधारली. उरलेल्या दोन सुधारणे माझ्या हातात नव्हते. त्या निमित्ताने या विषयाचा जो थोडाफार अभ्यास झाला, तो समाजबांधवांच्या उपयोगी पडावा म्हणून हे टिपण लिहीत आहे.

पदकांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. परमवीर चक्र, अशोक चक्र यांसारखी शौर्यपदके शिफारशीवरून मिळतात. दुसरी पदके मोहिमेत किंवा ठरावीक काळ सेवा केल्याबद्दल मिळतात. १९६५ चे समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी स्टार व पश्चिमी स्टार, नऊ आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके ही या वर्गात मोडतात. यांना शिफारस लागत नाही, लागते ती नोंद. अमुक दिवशी अमुक जवान अमुक ठिकाणी होता, एवढे कागदावर असले की पदकाचा हक्क उभा राहतो. नसले, तर तो मनुष्य खंदकात रक्त सांडून आला असला तरी दप्तराच्या दृष्टीने तो तिथे नव्हताच.

शौर्यपदकालाही हेच लागू आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरील कारवाईत भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने आत शिरल्या. त्या दिवशी नळदुर्गजवळ दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग यांनी शत्रूच्या गाड्या ताब्यात घेतल्या आणि पुढे मशीनगनच्या मोर्चावर चाल करताना त्यांना वीरमरण आले. अशोक चक्र हा सन्मान तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो ४ जानेवारी १९५२ रोजी सुरू झाला आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आला. बचित्तर सिंग हे त्याचे पहिले मानकरी. म्हणजे पराक्रम आधी आणि पदक तीन वर्षांहून अधिक काळाने नंतर! मधल्या काळात त्या पहाटेची हकीकत टिकवून ठेवली ती पलटणीच्या कागदांनी. नळदुर्गचा किल्ला पाहायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असते कोण जाणे.

याच्या उलट बाजूही इतिहासात आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्यावरील मृतांच्या यादीत 'नाक' हा प्रत्यय असलेली २२ नावे आहेत. पण त्या लढाईतून जे जिवंत परतले त्यांचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने जुन्या मोहिमांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मंजूर केले ते १८५१ साली. कोरेगावसाठी त्यावर स्वतंत्र पट्टी होती. परंतु ते हयात असणाऱ्यालाच आणि त्याने दावा केला तरच मिळायचे. लढाईच्या वेळी वीस वर्षांचा असलेला शिपाई तेव्हा त्रेपन्न वर्षांचा झालेला. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्याला असे पदक निघाले आहे हे कळणार कसे आणि त्याचा अर्ज लिहून देणार कोण? दगडावर मेलेल्यांची नावे राहिली, जगलेल्यांपैकी बहुतेकांची तेवढीही नाहीत.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची लष्करभरतीच बंद झाली. लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध सरकारला अर्ज तयार केला. पूर्वजांनी केलेली सेवा हाच त्याचा आधार होता. मात्र त्यावर सह्या करायला पेन्शनर मंडळी धजेनात, कारण पेन्शन बंद होईल ही धास्ती होती, असे अभ्यासक नमूद करतात. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे तसाच अर्ज केला. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपताच १९२१ मध्ये ती मोडली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते.

ही धास्ती मी काउंटरवर पाहिली आहे. नाईक बाबांनाही घरच्यांनी हेच सांगितले होते : "लई खोलात जाऊ नका, हाय ती पेन्शन बंद करतील." असे काही होत नाही. दुरुस्तीचा अर्ज म्हणजे तक्रार नव्हे, हे त्यांना पटवण्यातच दोन महिने गेले.

आपल्या लोकांच्या नोंदीत नावाचे घोटाळे जास्त का, याचा विचार केला पाहिजे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दप्तर उर्दूत होते. जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही. भरतीच्या रांगेत कारकुनाला जे ऐकू आले ते इंग्रजीत लिहिले गेले. कुणाचे आडनाव गावावरून, कुणाचे वडिलांच्या नावावरून, तर कुणाचे जातीवरूनच पडले. खुद्द बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. आंबेडकर हे शाळेच्या दप्तरातून आले. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी मुलांची नावे, काहींनी आडनावेही बदलली. ते योग्यच झाले. पण लष्कराच्या कागदात ते कळवायचे राहून गेले.

आता कामाची गोष्ट. जवानाच्या सेवेतील प्रत्येक घटना, म्हणजे रजा, बदली, बढती, लग्न, दवाखाना, पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये छापली जाते आणि त्यावरून रेकॉर्ड ऑफिसात त्याच्या शीट रोलवर चढते. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागर येथे आहे. इतर रेजिमेंटची आपापली आहेत. त्यामुळे अर्ज जातो तो रेकॉर्ड ऑफिसला, आणि त्यात सर्वांत महत्त्वाचा असतो आर्मी नंबर. नाव तीन प्रकारे लिहिले असले तरी नंबर एकच असतो. नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची व निवृत्तीची तारीख, कोणत्या महिन्यात पलटण कुठे होती, एवढे स्वच्छ लिहावे. डिस्चार्ज बुकाची प्रत, नावासाठी प्रतिज्ञापत्र आणि शक्य असल्यास त्याच कंपनीतील सोबत्याचे निवेदन जोडावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवला तर पोच राहते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली शीट रोलची प्रत मागता येते. ती आधी मागवावी आणि मगच दुरुस्तीचा अर्ज करावा, असे माझे मत आहे. चूक नेमकी कुठे आहे हे न पाहता केलेले अर्ज नुसते फिरत राहतात.

एक धोका मात्र ध्यानात घ्यावा. ज्यांना पेन्शन नाही, त्यांची सेवा-कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम लष्करात होता. मागे 'लाँग रोल'मधील मोजक्या रकान्यांची नोंद तेवढी उरते. उशीर झाला की मागणी खरी असूनही पुरावा राहत नाही.

अर्ज करूनही दाद मिळाली नाही, तर २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. नोंदीच्या लढाईत अधिकारीही सुटलेले नाहीत. १९९९ च्या कारगिल युद्धात बटालिक भागात ब्रिगेड सांभाळणारे ब्रिगेडिअर देविंदर सिंग यांच्या कामगिरीचा अहवाल वरिष्ठांनी पक्षपाताने लिहिल्याचा निष्कर्ष न्यायाधिकरणाने २०१० मध्ये काढला आणि नोंदी दुरुस्त करण्यास सांगितले. ब्रिगेडिअरला अकरा वर्षे लागली, तर नाइकाला किती लागतील, हे वाचकांनीच ठरवावे.

नाईक बाबांच्या अर्जाला सात महिन्यांनी उत्तर आले. नावाची दुरुस्ती मान्य झाली. स्टारबद्दल लिहिले होते की, डिसेंबर १९७१ मध्ये ते पलटणीबरोबर असल्याचा पुरावा द्यावा. बाबांच्या कंपनीतले एक सोबती लातूरकडे राहतात असे समजले. त्यांना ऐकू कमी येते, पण तो डिसेंबर त्यांना लख्ख आठवतो. त्यांचे निवेदन मी माझ्या हाताने लिहून घेतले, खाली त्यांचा अंगठा घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि गेल्या महिन्यात ते रजिस्टर्ड पोस्टाने रवाना केले आहे. पोचपावती नाईक बाबांच्या त्या पत्र्याच्या पेटीत आहे.