सागाचं नाव, बांबूचं काम

सागाचं धनुष्य करू नका. बाकीचं पुढे सविस्तर सांगतोच, पण एवढं आधी डोक्यात ठेवा. माझ्या कामाच्या पडवीत मोडकी धनुष्यं येत राहतात. त्यांत सर्वांत जास्त भरणा सागाचा, आणि घेऊन येणाऱ्या पोराचा प्रश्नही ठरलेला: "काहून मोडलं जी दादा? सागाचं हाय ना!"

प्रश्न रास्त आहे. आलापल्ली आणि बल्लारशाच्या सागाचा गडचिरोली आणि चंद्रपूर या आपल्या दोन्ही जिल्ह्यांना अभिमानच आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान इथूनच गेलं. पण दार ऊनपाऊस खाऊन जागच्या जागी राहायला हवं, आणि ते साग उत्तम करतो. अंगात तेल असल्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही, तो फुगणं-आकसणंही कमी करतो. धनुष्याने मात्र दर वेळी वाकायचं आणि तितक्याच तातडीने सरळ व्हायचं. साग ताठ आहे, चिवट नाही. ताण सोसवेनासा झाला की इशारा न देता काडकन जातो, आणि तो तुकडा तुमच्या तोंडाजवळ असतो.

म्हणून लाकूड निवडायला निघालात तर पलंग कशाचा करतात हे विचारू नका. कावड कशाची करतात, कुऱ्हाडीला दांडा कशाचा घालतात, ते विचारा. ओझ्याने पावलोपावली लवणारी आणि पुन्हा उसळणारी कावड म्हणजे धनुष्याच्या लाकडाची वर्षानुवर्षं चाललेली परीक्षा आहे. उत्तरात धामण, धावडा, तिवस ही नावं येतील. यांत माझी पहिली पसंती धामणीला. तिची रेषा बहुधा सरळ असते आणि लाकूड लवचीक. धावडा चिवटपणात कमी नाही, पण वजनदार आहे, आणि वाळताना चिरतो. जड झालेल्या टोकांना हलवण्यातच खेचेचा जोर जातो, बाणाच्या वाट्याला उरतो थोडा. तिवसाचा सरळ रेषेचा तुकडा मिळाला तर घ्या, नाहीतर सोडा. बिजा दिसायला देखणा, पण त्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या, तेव्हा तो खुर्चीलाच बरा.

रेषेचं एवढं का सांगतो? आरामशीनवरून आलेली पट्टी दिसायला सरळ असते, पण करवत लाकडाच्या रेषेला विचारून चालत नाही. ती तिरकी कापून पुढे जाते. मग धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे निशाणाकडच्या बाजूवर, रेषा मध्येच बाहेर निघतात. खेचल्यावर ताण पडतो तो पाठीवर, आणि अशा ठिकाणी कुसळासारखी चिपळी उचलली जाऊन फाट आत धावते. मोडक्या धनुष्यावर लांब, तिरकी फाट दिसली की पट्टी करवतीची होती हे न विचारता कळतं. ओंडका पाचर ठोकून फोडा. तो जिथून फुटेल तीच त्याची खरी रेषा. वेडावाकडा फुटला तर चुलीत घाला, वाईट वाटून घेऊ नका.

आता बांबू. खरं सांगायचं तर नवख्या माणसाने लाकडाच्या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे. इथल्या माडिया-गोंड लोकांनी बांबूचंच धनुष्य केलं, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीची पट्टी काढून केली. ती दोरी सुती दोरीसारखी ताणली जात नाही. बांबूचे चिवट तंतू सालीजवळ दाट असतात आणि आत जावं तसे विरळ होत जातात. म्हणजे जिथे ताण सर्वांत जास्त पडतो तिथेच सर्वांत मजबूत माल, निसर्गानेच लावून दिलेला. यासाठी साल पाठीच्या बाजूला ठेवायची आणि तिला रंधा, कानस, काच काहीही लावायचं नाही. गाठीचा उंचवटासुद्धा सपाट करायचा नाही. घासायचं ते फक्त आतलं पोट. कुणीतरी हौसेने साल तासून, पॉलिश मारून आणतो आणि विचारतो की गाठीवरच का तुटलं!

बांबूंतही मानवेल घ्या. कोरड्या टेकडीवरचा मानवेल जवळजवळ भरीव असतो. कटंग मोठा दिसतो, पण पोकळ. बुडाकडचा भाग घ्या, शेंड्याचा नको. ज्याच्या पेरांवर अजून पांढरी भुकटी आणि टरफलं आहेत तो त्या वर्षीचा कोवळा बांबू, तो वाळला की आकसतो आणि खेचल्यावर वाकडाच राहतो. तीन-चार वर्षांचा, रंग उतरलेला, ठोकल्यावर टणटण वाजणारा हवा. तोड हिवाळ्यात करावी. अंगात पिठूळ अंश जास्त असताना तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, आणि धनुष्याखाली पिवळ्या भुकटीची रांगोळी पडते. तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर तो अंश धुऊन जातो. मग सावलीत, जमिनीपासून वर, निदान दोन-तीन महिने वाळू द्या. चुलीच्या धुरात आढ्याला टांगला तर आणखी चांगलं.

आणायचा कुठून, हेही सांगायला हवं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. आज अनेक ग्रामसभा बांबू विकतात, त्यांच्याकडून पावतीने घ्या. उभी धामण परवानगीशिवाय तोडू नका. आणि धनुष्य निशाणापुरतंच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानेही शिकारीचा हक्क दिलेला नाही.

आकाराकडे येतो. पौराणिक मालिका पाहून पोरं दोन्ही टोकं बाहेर वळवलेलं, कमी लांबीचं, मधे नक्षी कोरलेलं धनुष्य मागतात. आखूड धनुष्याला तेवढ्याच खेचेसाठी जास्त वाकावं लागतं, आणि वळलेल्या टोकांनी ताण आणखी वाढतो. साधा हिशेब असा: सगळंच वाकणाऱ्या बांबूच्या धनुष्याची लांबी खेचेच्या दुप्पट, आणि वर निदान एक वीत. खेच २६ इंच असेल तर धनुष्य ६१ इंचांच्या आसपास. मूठ ताठ ठेवायची असेल तर अजून अर्धी वीत वाढवा. बांबूला दीड इंच रुंदी पुरते. धामणीला पावणेदोन ते दोन इंच द्या, टोकाकडे निमुळतं करत अर्ध्या इंचावर आणा. पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या उठल्या तर धनुष्य अरुंद किंवा आखूड पडलं असं समजा. त्या सुरकुत्या पुसल्या जात नाहीत.

जोर कमी-जास्त करायचा तर रुंदी आणि जाडी यांतला फरक ओळखा. रुंदी १० टक्क्यांनी वाढवली तर ताठपणा १० टक्क्यांनीच वाढतो. जाडी तेवढीच वाढवली तर ताठपणा ३३ टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. उलट बाजूनेही तसंच. वाकसाचा एक जादा घाव बसला की धनुष्य तिथेच बिजागरीसारखं दुमडायला लागतं, आणि दुमडलेली जागा पुन्हा भरता येत नाही. भिंतीला टेकवून थोडं खेचा, दोन्ही बाजूंची कमान लांबून पाहा, जिथे ताठ दिसेल तिथलंच पोट घासा. शेवटी शेवटी तर काचेच्या तुकड्याने. पूर्ण खेच पहिल्याच दिवशी नको. पहिलं धनुष्य स्प्रिंगच्या काट्यावर १२ ते १४ किलोचं पुरे. जास्त जोराची हौस पुढच्या धनुष्यावर भागवा. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. बाणाकडे जायचा सगळा जोर मग लाकडातच उतरतो.

काम झाल्यावर दोरी उतरवून आडवं ठेवा, उन्हात किंवा पत्र्याखाली नको. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी कोरडं पडलेलं लाकूड ठिसूळ होतं, तेव्हा सराव सकाळीच करा. पावसाळ्यात उलट होतं. लाकूड ओल पितं, खेच हलकी लागते, कमान वाकलेली राहते. म्हणून शेवटची घासणी आणि वजन मोजणं जुलै-ऑगस्टमध्ये उरकू नका, दिवाळीनंतर पुन्हा काट्यावर लावून बघा.