अल्प भाड्याचे आभासी सर्व्हर व चतुर्विध परीक्षा

गेल्या काही वर्षांत अनेक वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालय चालकांनी रुग्णपत्रके, औषधसाठा आणि देयके यांच्या नोंदी संगणकावर घेतल्या आहेत. चिकित्सालय व औषधालय एकाच नोंदवहीवर चालवायचे असल्यास बरेच जण अल्प भाड्याचा आभासी सर्व्हर, म्हणजेच व्हीपीएस, घेतात. गुळवेल विकत घेताना कांड आडवे कापून पाहणारे आपण हा सर्व्हर मात्र केवळ दर पाहून निवडतो.

प्रस्तुत लेखकानेही तेच केले. सवलतीच्या मोहाने तीन वर्षांचे भाडे आगाऊ भरले. सातव्या महिन्यात सर्व्हर बंद पडला, पत्रांना उत्तर आले नाही आणि पंधरवड्यात पुरवठादाराचे संकेतस्थळही नाहीसे झाले. औषधसाठा पुन्हा मोजता आला. रुग्णांचा पूर्वेतिहास मात्र गेला. त्यात एका रुग्णेस पूर्वी भल्लातकाने पुरळ व दाह झाल्याची नोंद होती. पुढे भल्लातकयुक्त कल्प लिहीत असता तिनेच आठवण करून दिली, म्हणून अनर्थ टळला. बुडालेल्या पैशांचे दुःख त्यापुढे नगण्य होय.

आभासी सर्व्हर म्हणजे एका मोठ्या संगणकाची क्षमता सॉफ्टवेअरद्वारे विभागून भाड्याने दिलेला भाग. खर्च अनेकांत वाटला जात असल्याने भाडे कमी असणे हा स्वतः दोष नव्हे. दोष दोन ठिकाणी संभवतो. एक, तीच क्षमता प्रमाणाबाहेर अनेकांस विकली जाते. दुसरा, अनेक लहान पुरवठादार मूळ संगणक स्वतःच भाड्याने घेतात. त्यांनी ते भाडे थकवले की सर्व ग्राहकांचे सर्व्हर एकदम बंद पडतात. हे दोष बाहेरून दिसत नाहीत, म्हणून परीक्षा आवश्यक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ११व्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. तिचाच क्रम येथे उपयोगी पडतो.

१) आप्तोपदेश : आप्त तो, ज्यास ज्ञान आहे व स्वार्थ नाही. सेवांची क्रमवारी देणाऱ्या अनेक जाहिरातवजा याद्यांमागे दलाली असते, त्यामुळे ते आप्तवचन नव्हे. किमान एक वर्ष सेवा वापरलेल्या व्यक्तीस विचारावे, तेही "चांगली आहे का?" असे नव्हे, तर "बंद पडली तेव्हा काय झाले?" असे. जोडीला कागदपत्रे पाहावीत. पुरवठादाराचा १५ अंकाक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर, कंपनीचे नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत, तर डोमेननाव केव्हा नोंदले ते आयकॅनच्या शोधसेवेवर पडताळता येते. दहा वर्षांच्या अनुभवाचा दावा आणि गतवर्षी नोंदलेले नाव, ही विसंगती बोलकी आहे. सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार आभासी सर्व्हर पुरवठादारांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता व संपर्क नोंदवून सेवा संपल्यावरही किमान ५ वर्षे जतन करावयाचे आहेत. आपले नावगाव न विचारता सेवा देणारा पुरवठादार सोयीचा वाटला तरी शंकास्पद समजावा.

२) प्रत्यक्ष : प्रथम एकच महिन्याचे भाडे भरावे व खऱ्या नोंदी न ठेवता सर्व्हर चालवून पाहावा. रविवारी रात्री एखादा साधा प्रश्न विचारावा. उत्तर किती वेळात येते आणि ते प्रश्नास धरून आहे का, हे पाहावे. आपल्या संगणक तंत्रज्ञाकडून लिनक्समधील 'टॉप' ही आज्ञा चालवून 'एसटी' हा आकडा पाहून घ्यावा. आपल्या सर्व्हरला प्रक्रियेची गरज असता मूळ संगणक इतर कामांत गुंतल्याने किती टक्के वेळ थांबावे लागले, ते या आकड्यातून कळते. नाडीप्रमाणेच तो निरनिराळ्या वेळी पाहावा. सातत्याने वाढलेला आकडा अतिविक्रीचे लक्षण होय.

३) अनुमान : कार्यावरून कारण ताडावे. आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे प्रत्येक स्वतंत्र पत्त्यासही मोल आहे. पत्ता, वीज व यंत्र यांचा खर्चही भागणार नाही अशा दरात "आजीवन" सेवा मिळत असेल, तर जुन्यांचा खर्च नव्या ग्राहकांच्या पैशांतून चालला असण्याचा संभव धरावा. "९९.९ टक्के उपलब्धता" या वचनाचेही गणित करावे. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटे खंड. ९९ टक्के असल्यास ७ तास १२ मिनिटे. वचन मोडल्यास बहुधा भाड्याचाच काही अंश परत मिळतो. गेलेली नोंद मिळत नाही.

४) युक्ती : अनेक कारणांचा मेळ घालून योजना करणे ती युक्ती. उत्तम पुरवठादारावरही आपत्ती येते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्णतः नष्ट झाली. ज्यांच्या प्रती अन्यत्र नव्हत्या, अशा काही ग्राहकांची माहिती कायमची गेली. म्हणून नोंदींची एक प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे व एक आपल्या चिकित्सालयात, कूटबद्ध करून, रोज ठेवावी. पुरवठादाराच्याच यंत्रावरील प्रत पुरेशी मानू नये. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर नोंदी उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेली प्रत आणि कुपी न उघडता खरेदी केलेले भस्म यांत फरक नाही.

पहिल्या तीन परीक्षांनी अविश्वसनीय पुरवठादार बव्हंशी वगळता येतो; चौथीने उरलेल्या धोक्यापासून रक्षण होते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही माहितीचे काम दुसऱ्याकडे सोपवले तरी जबाबदारी सोपवणाऱ्याचीच मानली आहे. रुग्णाने आपला इतिहास वैद्यास सांगितलेला असतो, सर्व्हरच्या मालकास नव्हे. जागा भाड्याने घेता येते. हे उत्तरदायित्व भाड्याने देता येत नाही. ज्यांच्या नोंदी आज एकाच ठिकाणी आहेत, त्यांनी पुढील अंकाची वाट न पाहता आजच दुसरी प्रत करावी, ही नम्र विनंती.