लय बदलली की अर्थ बदलतो
(द्वितीय वर्ष, कला)

सूर हा गाण्याचा प्राण, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु तेच सूर किती संथ किंवा किती जलद म्हणायचे, यावर त्यांचा अर्थ पुष्कळसा अवलंबून असतो, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. ख्यालगायकीच्या आधारे हा मुद्दा मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम ताल आणि लय यांतील फरक पाहू. ताल म्हणजे मात्रांचा ठरलेला साचा. लय म्हणजे त्या मात्रांची गती. एकतालाच्या मात्रा बाराच. पण द्रुत लयीत त्यांचे आवर्तन तीन-चार सेकंदांत पुरे होते, तर अतिविलंबित लयीत त्यालाच पाऊण ते एक मिनिट लागते. साचा तोच राहिला, पण आतली जागा वाढली. त्या जागेत गवई काय भरतो, तेच त्याचे गाणे.

पिंपळगावच्या परिसरातील वाचकांना हा अनुभव नवा नाही. भजनात अभंग संथ चालीत सुरू होतो, आणि शेवटी टाळ-पखवाज दुगुणीत जातात. संथ चालीत शब्द मनात उतरतो. जलद चालीत शब्द मागे पडून सर्वांचा मिळून एक नाद होतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. 'ख्याल' हा शब्द मी येथे येऊन ऐकला. पण विलंबित आणि द्रुत यांची ओळख वडिलांच्या टाळांनी आधीच करून दिली होती.

आता रागांकडे वळू. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य. म्हणजे सूर तेच सहा. तरीही मारव्यात हुरहूर आहे, पूरियात गांभीर्य आहे आणि सोहनीत चांचल्य. कोणत्या सुरावर थांबायचे आणि कोणत्या सप्तकात वावरायचे, हा भेद तर आहेच. पण लयीचाही त्यात वाटा आहे. तार सप्तकात खेळणारी सोहनी अतिविलंबित लयीत बसवू पाहिली, तर तिचा स्वभावच हरवेल.

घराण्यांतील भेदही बऱ्याच अंशी लयीचाच आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या ग्वाल्हेर गायकीत विलंबित ख्यालही फार संथ नसतो. म्हणून स्थायी-अंतऱ्यासह बंदिश अखंड उभी राहते. आपल्या नाशिक शहरात १९२१ साली जन्मलेले द. वि. पलुस्कर याच परंपरेतले. कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखाँ यांच्या जयपूर गायकीत लय बेताची, आणि आलाप-तानांची वीण मात्रांच्या अंशांशी घट्ट बांधलेली. किराण्याच्या अब्दुल वहीदखाँनी लय फार संथ केली, आणि इंदूरच्या अमीरखाँनी ती वाट पुढे नेली. अमीरखाँचा झुमऱ्यातील मारवा ऐकताना एकेका सुराचे ओझे जाणवते. तीच बंदिश ग्वाल्हेरच्या लयीत गायली, तर आधी बंदिश दिसेल आणि सुराचे एकटेपण नंतर.

कधी लय गवयाच्या मर्जीवरही राहत नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. तेवढ्यात राग मांडायचा तर संथ विस्ताराला वाव कुठला? पुढे लाँग प्ले तबकड्या आल्या, तेव्हा विलंबित ख्याल घरात बसून ऐकता येऊ लागला.

पाश्चात्त्य संगीतातही हा प्रश्न आहेच. मेल्त्सेलने १८१५ साली मेट्रोनोम या लय मोजणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि बेथोव्हेनने आपल्या रचनांवर लयीचे आकडे दिले. पियानोसाठी लिहिणाऱ्या शोपँने मात्र १८३६ नंतर असे आकडे देणे जवळजवळ सोडून दिले. डाव्या हाताने लय सांभाळावी आणि उजव्या हाताने मोकळेपणाने गावे, अशी त्याची शिकवण असल्याचे त्याच्या शिष्यांनी नोंदवले आहे. म्हणजे डावा हात तबलजी आणि उजवा हात गवई!

विलंबित ख्याल ऐकला की झोप येते, आणि ते गाणे आपल्या शेतकऱ्यांच्या घरांसाठी नाही, असे माझे काही मित्र-मैत्रिणी म्हणतात. मोबाईलवर तर कोणतेही गाणे दीडपट वेगाने लावता येते. पण दीडपट वेगाने ऐकलेला मारवा लवकर संपतो एवढेच. त्यातली हुरहूर आपल्या हाती लागत नाही. संथ लय ही काही श्रीमंतांची मिरास नव्हे. तिला पैसा लागत नाही, समेची वाट पाहण्याची तयारी लागते. आणि पेरणीनंतर पिकाची वाट पाहणाऱ्या घरांना ती शिकवावी लागू नये.

वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. अमीरखाँचा मारवा लावून पहिली दहा मिनिटे बोटांवर मात्रा मोजाव्यात. चौदा मात्रांनंतर सम येते. दोन-तीन आवर्तने चुकतील, पण पुढे सम येण्याआधीच तिची चाहूल लागेल. लगेच एखादी द्रुत सोहनी ऐकावी. सूर तेच असताना मन कुठून कुठे गेले, हे मग कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.